बंद दुकानाचा खाडा

दुकानातल्या नोकराच्या पगाराचा हिशोब खाडा आणि उचल या दोन शब्दांवर चालत आला आहे. नोकर कामावर आला नाही की त्या दिवशी त्याचा खाडा लागतो आणि महिनाअखेर खाडे मोजून तेवढे पैसे कापले जातात. अडीअडचणीला मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. ती नोकराच्या अंगावर राहते आणि पुढच्या पगारांतून फिटत जाते. नोकर यायला तयार आहे पण दुकानच बंद आहे, तर तो खाडा कोणाचा, या प्रश्नाला मात्र या हिशोबात जागा नव्हती. मुंबईत हा प्रश्न साथींनी पुन्हा पुन्हा पुढे आणला. १८९६ च्या प्लेगपासून २०२१ च्या टाळेबंदीपर्यंत त्याचे उत्तर बहुतेक वेळा नोकराच्याच अंगावर टाकले गेले. सरकारने ते एकदाच नोकराच्या बाजूने दिले आणि पन्नास दिवसांनी मागे घेतले.

या नोकराचे जुने नाव गुमास्ता. शब्द फारसी, मूळ अर्थ धन्याच्या वतीने व्यवहार करणारा माणूस. पेढीवरचा गुमास्ता पत्र लिहायचा, उधारी वसूल करायचा, माल पारखायचा. पुढे मुंबईच्या बोलीत दुकानात पगारावर राहणारा प्रत्येकजण या नावाखाली आला आणि दुकानाच्या सरकारी नोंदणीलाही लोक ‘गुमास्ता लायसन’ म्हणू लागले. नोकराच्या नावाने ओळखला जाणारा हा कागद दुकानात दर्शनी लागतो. त्यावर नाव मात्र मालकाचे असते.

मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी, मुळजी जेठा मार्केट या भागांतले जुने नोकर बहुतेक गावाकडून ओळखीपाळखीने आलेले असत. त्यांतले अनेकजण रात्री दुकानातच किंवा माळ्यावर झोपत आणि खाणावळीत जेवत. हिशोब दिवाळीला होई. कामाचे तास किती हे सांगणारा कोणताही नियम नव्हता; गिऱ्हाईक असेपर्यंत दुकान उघडे. कामाचा कागद नसे आणि काढून टाकल्याचाही नसे. मालकाची मर्जी आणि गावाची ओळख हाच करार. चांगल्या दिवसांत या कराराने पुष्कळांना आधार दिला हे खरे आहे. पहिली मोठी साथ आली तेव्हा त्याची मर्यादा उघडी पडली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, आणि त्याच वखारींच्या आसपास हमाल आणि दुकानातले नोकर राहणारे. काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. व्यापारी कुटुंबांसह निघून गेले आणि बाजार ओस पडले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने सरकारला घरे तपासण्याचे, माणसे अडवण्याचे, वस्त्या रिकाम्या करण्याचे अधिकार दिले. ज्याचे काम या अधिकारांमुळे थांबेल त्याचे पोट कसे भरेल, याविषयी त्या कायद्यात एक शब्द नव्हता. चार कलमांचा तो कायदा सव्वाशे वर्षे जवळपास तसाच राहिला आणि २०२० मध्येही मुख्यतः तोच हाताशी होता, म्हणून ही उणीव लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्लेगच्या दिवसांत गिरणीकामगाराची स्थिती दुकानातल्या नोकराहून वेगळी झाली. गिरण्यांना यंत्रे चालू ठेवायची होती आणि माणसे मिळत नव्हती. एरवी महिन्याचा पगारही थकवून देणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज पैसे देऊ लागल्या. नाक्यानाक्यावर मजुरीची बोली लागू लागली. मजूर दुर्मिळ झाल्याबरोबर त्याचा भाव वाढला. दुकानातल्या नोकराच्या वाट्याला हे आले नाही, कारण गिऱ्हाईकच शहरात नव्हते. त्याच्यासमोर बोट पकडून कोकणात किंवा गाडीने गुजरातेत परतणे, नाहीतर बंद दुकानाची राखण करत शहरात थांबणे, एवढेच पर्याय होते. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांवर आलेली दिसते. दहा वर्षांत शहर वाढण्याऐवजी घटले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा तडाखा वेगळ्या जातीचा होता. जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून त्याची सुरुवात झाली, सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. महायुद्धाने धान्य आणि कापड आधीच महाग केले होते. जानेवारी १९१९ मध्ये गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांचा संप झाला आणि त्यातून पगारवाढ मिळाली. एका छपराखाली हजार माणसे असली की त्यांचा आवाज होतो. एका दुकानात तीन, शेजारच्या दुकानात दोन, अशा विखुरलेल्या माणसांचा तसा आवाज झाला नाही, पुढेही फारसा होऊ शकला नाही. दुकानातल्या नोकराच्या इतिहासातल्या बहुतेक गोष्टींची मुळे या विखुरलेपणात आहेत.

कायदा आला तो कामाच्या तासांच्या वाटेने. बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने आणि आस्थापना कायदा केला. देशातला हा असा पहिला कायदा. त्याची जागा १९४८ च्या अधिक सविस्तर कायद्याने घेतली आणि तो पुढे जवळजवळ सत्तर वर्षे चालला. दिवसाला नऊ तास काम, पाच तासांनंतर तासाभराची सुटी, दुकान बंद करण्याची ठरलेली वेळ, भरपगारी रजा, हजेरीपत्रक. वर्षभर नोकरी झालेल्याला काढायचे तर तीस दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे सक्तीचे झाले. दादरची दुकाने सोमवारी बंद, अमुक बाजार रविवारी बंद, ही मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली रीत या कायद्याने पक्की केली.

त्यातली एक तरतूद या विषयाच्या गाभ्याची आहे. साप्ताहिक बंदच्या दिवसाचा पगार कापायचा नाही, आणि नोकर रोजंदारीवर असला तरी त्या दिवसाचा रोज त्याला द्यायचा, असे अठराव्या कलमाने सांगितले. म्हणजे कायद्याच्या हुकमाने दुकान बंद राहिले तर तो नोकराचा खाडा नाही, हे तत्त्व १९४८ मध्येच मान्य झाले होते. ते आठवड्यातल्या एका दिवसापुरते होते. सगळा आठवडा, सगळा महिना सरकारी हुकमाने दुकान बंद राहील, ही कल्पना कायदा करणाऱ्यांनी केली नाही. प्लेग ज्यांच्या आईबापांनी पाहिला होता अशा पिढीने ती करायला हवी होती.

कारखान्यांसाठी ती पाच वर्षांत झाली. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचे प्रकरण घातले गेले. कच्चा माल, कोळसा किंवा वीज नाही, यंत्र बिघडले, म्हणून मालक काम देऊ शकला नाही तर त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम कामगाराला मिळू लागली. पण हे प्रकरण लागू झाले ते कारखाना, खाण आणि मळा या तीनच ठिकाणी, तेही पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर. दुकान या व्याख्येत नव्हते. गिरणीत सुताचा तागा विणणाऱ्याच्या रिकाम्या दिवसाला किंमत आली. तोच तागा गिऱ्हाइकापुढे उलगडणाऱ्याच्या रिकाम्या दिवसाला आली नाही.

या पोकळीवर सर्वोच्च न्यायालयात एकदा नेमका वाद झाला आणि त्याचा धागा मुंबईतच होता. फायरस्टोन कंपनीच्या मुंबईच्या टायर कारखान्यात संप झाला, माल येईना, म्हणून कंपनीने दिल्लीच्या विक्री कार्यालयातल्या कामगारांना ले-ऑफ दिला. विक्रीचे कार्यालय कारखान्याच्या व्याख्येत बसत नसल्याने ले-ऑफची भरपाई देण्याचे कलम तिथे लागू होत नाही, असे न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितले. पण त्याच निकालात दुसरी, अधिक मोलाची गोष्ट आली. नोकरीच्या करारात, स्थायी आदेशात किंवा कायद्यात अधिकार दिलेला नसेल तर कामगाराला बिनपगारी घरी बसवण्याचा हक्क मालकाला मुळातच नाही. म्हणजे कागदावर पाहिले तर दुकानातल्या नोकराची बाजू कारखान्यातल्या कामगारापेक्षा कमकुवत नव्हती. कागदाबाहेर त्याला हे सिद्ध करायचे होते कामगार न्यायालयात, वकील लावून, हातात नेमणुकीचे पत्र नसताना, आणि ज्याच्या दुकानात पुन्हा उभे राहायचे त्याच्याच विरुद्ध. अशा हक्काचा उपयोग फार थोड्यांना झाला असेल.

महाराष्ट्राला रिकाम्या दिवसाची किंमत ठरवता येत नव्हती असेही नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारातल्या हमालांसाठी मंडळे उभी केली. वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडे ओझी वाहणाऱ्या माणसाची नोंद, मजुरी आणि भविष्यनिधी त्या मंडळांकडे आला. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले; मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता, असे त्यात लिहिले गेले. मशीद बंदरच्या एकाच पायरीवर उभ्या असलेल्या दोघांपैकी पाठीवर पोते घेणारा मंडळाच्या वहीत होता आणि आत काट्यापाशी उभा असलेला कोणत्याच वहीत नव्हता.

नव्वदीनंतर दुकानाचे रूप बदलले. १९९१ मध्ये अंधेरीत शॉपर्स स्टॉप सुरू झाले, १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला. गणवेश, बिल्ला, बँकेत जमा होणारा पगार, विक्रीवर इन्सेन्टिव्ह असे सगळे आले. शेकडो मुली या कामात आल्या, आणि डोंबिवली, विरार, पनवेलच्या कितीतरी घरांत पहिला ठरावीक पगार या काउंटरवरून गेला. मूळ पगार बेताचा आणि भिस्त इन्सेन्टिव्हवर, ही रचनाही तेव्हाच रुळली. २०१७ मध्ये राज्याने दुकानांचा नवा कायदा केला. दुकाने रात्रंदिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली आणि कायद्याचा अंमल दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता राहिला. दहाच्या आतल्या दुकानांनी फक्त सूचना द्यायची. मुंबईतल्या गल्लीबोळांत दहा नोकर असलेली दुकाने किती, हे कोणीही चालता चालता मोजू शकतो. करोना आला तेव्हा लहान दुकानातला नोकर १९४८ पेक्षाही उघड्यावर होता.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला १८९७ चाच कायदा लागू झाला आणि मोठ्या शहरांतले मॉल बंद होऊ लागले. २० मार्चला मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली जीवनावश्यक नसलेली सगळी दुकाने बंद करण्याचे जाहीर झाले. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. कापड, सोने, घरगुती उपकरणे, फर्निचर या दुकानांचे वर्ष पाडवा, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई या दोन-तीन महिन्यांवर उभे असते. माल भरून तयार होता. त्याच रस्त्यावर औषधांच्या आणि किराणा दुकानांतले नोकर दिवसभर उसंत न घेता, भीती बाजूला ठेवून राबत होते आणि त्यांच्या शेजारची शटरे खाली होती. एकाच पेशातल्या माणसांची ‘अत्यावश्यक’ आणि ‘अनावश्यक’ अशी विभागणी एका यादीने झाली.

२९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला. उद्योग असो वा दुकान किंवा व्यापारी आस्थापना, टाळेबंदीत बंद असलेल्या काळाचा पगार मालकाने कोणतीही कपात न करता ठरल्या तारखेला द्यावा, असे त्यात होते. ‘दुकान’ हा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला होता. १९५३ च्या व्याख्येतून वगळलेल्या माणसाला इथे प्रथमच नाव घेऊन सामावले गेले, आणि तेही निम्म्या नाही तर पूर्ण पगाराने. आपत्तीच्या या दिवसांत काम नाही तर दाम नाही हे सूत्र लावता येणार नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही ३० एप्रिलला काही कारखान्यांच्या प्रकरणात व्यक्त केले. पण आदेश देताना सरकारने स्वतःच्या तिजोरीतून काहीच दिले नाही. सगळा भार मालकावर गेला, आणि तीन नोकरांच्या दुकानाच्या मालकाचा गल्लाही रिकामा होता. न देणारे होते तसे मनापासून देऊ पाहून न जमलेलेही होते. १८ मेपासून आदेश रद्द झाला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि दोन्ही बाजूंनी वाटाघाटी करून मिटवावे, असे सांगितले. वाटाघाटीला बसायला दोन बाजू लागतात. साड्यांच्या दुकानातल्या चौघांची बाजू मांडायला बहुधा त्या चौघांशिवाय कोणी नव्हते.

याच आठवड्यांत इंग्लंड-अमेरिकेच्या बातम्यांतून ‘फर्लो’ हा शब्द इकडे आला. मराठी वाचकाला तो तुरुंगामुळे माहीत होता. कैद्याला मिळणाऱ्या संचित रजेला फर्लो म्हणतात. त्याआधी तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मायदेशच्या लांब रजेचा शब्द होता. आता त्याचा अर्थ झाला, नोकरी राखून घरी बसवणे. अमेरिकेत मेसीज या साखळीने ३० मार्च २०२० ला आपल्या सुमारे सव्वा लाख नोकरांपैकी बहुतेकांना असे घरी बसवले. पगार बंद, आरोग्यविमा चालू, आणि बेकारी भत्ता सरकारकडून. ब्रिटनमध्ये पगाराच्या ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकारने भरले आणि ही योजना पुढे सरकारचा वाटा बदलत सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. मुंबईतला फर्लो याहून जुन्या पद्धतीचा होता. मालक म्हणाला, ‘सध्या गावी जा, उघडलं की फोन करतो.’ कोणी हातात दोन-पाच हजारांची उचल दिली. ती अंगावर लिहून ठेवली.

५ जूनपासून दुकाने उघडली ती सम-विषम पद्धतीने. रस्त्याच्या एका बाजूची एका तारखेला, समोरची दुसऱ्या तारखेला, सकाळी नऊ ते पाच. कपड्यांच्या दुकानांत घालून पाहायला मनाई, बदलून द्यायलाही मनाई. अडीच महिने बंद राहिलेल्या साड्यांच्या दुकानातले पहिले काम विक्रीचे नव्हतेच. रेशीम आणि जर एकाच घडीवर फार दिवस राहिली की घडीवर चिरते, म्हणून प्रत्येक साडी उघडून, झटकून, नव्या घडीवर घालावी लागते. एक माणूस पदराकडून धरतो, दुसरा काठ जुळवतो, निरी बसेल तशी घडी मारून पुन्हा थप्पीला लावतो. पावसाळी दमट हवेत चपलांच्या दुकानांत चामड्यावर बुरशी चढलेली असायची. ती पुसायचीही याच हातांनी. अनेक ठिकाणी या महिन्यांत दुकान पंधरा दिवस उघडे म्हणून पगारही पंधरा दिवसांचा झाला. खाड्याच्या जुन्या हिशोबाने सरकारी हुकमाचा बंद नोकराच्या खात्यावर टाकला.

दुकान उघडले तरी पोचायचे कसे, हा वेगळा पेच होता. २३ मार्चपासून बंद झालेली लोकल १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवांसाठी. सर्व प्रवाशांना ठरावीक वेळांत ती खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. अर्धा पगार घेणाऱ्या माणसाने कल्याणहून दादरला बसने जायचे, रांगेसह चार-पाच तास प्रवासात घालवायचे, आणि उशीर झाला तर तो पुन्हा खाडाच.

दुसऱ्या वर्षीही हंगामावरच घाव पडला. ५ एप्रिल २०२१ ला जीवनावश्यक नसलेली दुकाने पुन्हा बंद झाली. १३ एप्रिलला, पुन्हा पाडव्याच्याच दिवशी, कडक निर्बंधांबरोबर राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,००० रुपये. या सगळ्यांना ते मिळायलाच हवे होते. त्यांची नावे कुठल्यातरी मंडळाच्या, परवान्याच्या किंवा पालिकेच्या वहीत होती. दुकानातल्या नोकराचे नाव अशा कोणत्याच वहीत नसल्याने तो या यादीत आला नाही. सरकारकडे दुकानाची नोंद होती. आत उभे राहणाऱ्याची नव्हती.

१५ ऑगस्ट २०२१ ला मॉल उघडायची परवानगी मिळाली, ती कर्मचाऱ्यांचे लशीचे दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेले असतील या अटीवर. मॉलमधला विक्रेता वीस-पंचविशीचा. १८ ते ४४ वयाचे लसीकरण राज्यात मे महिन्यात तुटवड्यामुळे थांबून जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा सुरू झाले होते आणि कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर नेले होते. जूनअखेर पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा सप्टेंबरच्या आधी होणे शक्यच नव्हते. उघडलेले अनेक मॉल दोन-तीन दिवसांत पुन्हा बंद झाले. नियम करणाऱ्यांनी त्या काउंटरमागे कोणत्या वयाची माणसे उभी असतात एवढे पाहिले असते, तरी हे टळले असते.

राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्यांना एक वाट उरली होती. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी पगाराच्या २५ टक्के भत्ता नव्वद दिवसांपर्यंत देणारी अटल विमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून होती. २०२० मध्ये तो ५० टक्के केला गेला. साखळी दुकानांतल्या काहींना तिचा आधार मिळू शकत होता. गल्लीतल्या दुकानातला नोकर विम्याच्या कक्षेबाहेरच होता.

सप्टेंबर २०२० मध्ये, दुकाने उघडून जेमतेम तीन महिने झाले असताना, संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणाऱ्या या संहितेत ले-ऑफच्या भरपाईचे प्रकरण आहे. त्यासाठीच्या आस्थापनेची व्याख्याही त्यात पुन्हा लिहिली गेली: कारखाना, खाण आणि मळा.